पळून आलेल्या बायकांचं देऊळ

२००५ च्या थंडीत मी लेकीकडे अमेरिकेत ॲन आर्बरला गेले. ती तिथे जपानच्या इतिहासात पीएचडी करत होती आणि जावई नोकरीसाठी बेलव्ह्यूला. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि दोघांच्या मध्ये अर्धा देश. मला ते पहिल्यापासून खटकत होतं. त्यात फोन आला की ही आत जाऊन दार लावून घ्यायची. माझे कान टवकारायचे, आयांचे टवकारतातच.

एकदा पोळ्या लाटताना विचारलं, "नेमकं शिकतेस तरी काय?"

"जुन्या जपानमध्ये एक देऊळ होतं, आई. बाई नवऱ्याच्या घरून पळून तिथे पोचली, की तिला कोणी ओढून नेऊ शकत नसे. माणसं पाठलागावर असली, तर तिने नुसती चप्पल दारातून आत फेकायची. तेवढं पुरे. दोन-तीन वर्षं तिथे राहिली की काडीमोड."

जगात एवढे विषय पडलेत, हिला हाच बरा सापडला!

दुसऱ्या दिवशी ती युनिव्हर्सिटीत गेल्यावर मी तिचा ड्रॉवर उघडला. लाज वाटली, पण उघडला. वहीत तिच्या अक्षरात होतं: नवऱ्याने साडेतीन ओळी लिहून दिल्या की बाई मोकळी. म्हटलं, इथेच पाणी मुरतंय. मी सरळ जावयाला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, "तुमचं काही बिनसलंय का?"

संध्याकाळी लेक बुटांसकट स्वयंपाकघरात आली.

"माझा ड्रॉवर उघडलास? वर त्याला फोन केलास? आई, धिस इज माय लाइफ! आमचं छान चाललंय. मेमध्ये मी तिकडेच शिफ्ट होतेय."

मलाही राग आला. "मग असला अभद्र विषय घेतलासच कशाला?"

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "मी सहा वर्षांची असताना तू मला घेऊन माहेरी गेली होतीस. आजोबांनी चहा पाजला आणि त्याच दिवशीच्या एसटीत बसवून आपल्याला परत पाठवलं. तू वाटभर रडत होतीस."

तेव्हा मी तिला सांगितलं होतं, आजोबांना बरं नाही म्हणून बघायला गेलो होतो. इतकी वर्षं मी समजत होते, ते तिला पटलंय.