एवढं साफ नको मले

फोटो काढण्याआधी नामदेवकाका हळूच म्हणायचे, "थांब वं, थांब." गच्चीवर त्यांच्याजवळ कोणी नसायचं. समोर कन्हान नदी, पलीकडे रेती, रेतीच्या मागे बाभळी. दिवस मावळायला आलेला असायचा. मी खाली कणीक मळत असायचे आणि जिन्यातून तो आवाज उतरून यायचा. मग बटण दाबल्याचा बारीकसा टक्.

मी त्यांच्या घरी नऊ वर्षं स्वयंपाक केला. काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. सगळी नोकरी यंत्रांवरच्या काट्यांकडे पाहण्यात गेली. कोणता काटा किती हलला, ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. कुकर लावला की मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवायचे आणि शिट्ट्या मोजत उभे राहायचे. "हसू नको वच्छला, कुकर म्हंजे लहानसं केंद्रच हाय," म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी ताट वाढलं आणि भीतीपोटी आधीच म्हणाले, "काका, वरणात मीठ जास्त झालं असन." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "मी अजून चाखलं नाही, तूही चाखलं नाही. मंग मीठ जास्त झालं हे कोनं सांगितलं? पहिले पाहाचं, मंग बोलाचं." मग जेवले आणि म्हणाले, "कमी हाय."

काकू तेव्हाच विसरायला लागल्या होत्या. आधी भांडी विसरल्या, मग रस्ता, मग आपली मुलगी रेखा. काकांना शेवटपर्यंत विसरल्या नाहीत, फक्त त्यांना आपला मोठा भाऊ समजायच्या. काका त्यांना कधी नावाने हाक मारत नसत. "रेखाची माय" म्हणत. काकू म्हणायच्या, "रेखा कोन गा?" काका म्हणायचे, "हाय एक. चांगली पोरगी हाय." काकांचे वडील हातमागावर विणायचे. त्यांनी विणलेलं एक पिवळं लुगडं काकूंना फार आवडायचं. दुसरं नेसवलं की त्या सोडून टाकायच्या. ते लुगडं धुवायचं असलं की काका त्यांना गोष्टीत गुंतवायचे आणि मी घाईघाईने पंख्याखाली वाळवायचे.

काकू बाहेर जाऊ नयेत म्हणून दाराला अगदी वर एक कडी लावली होती. भादव्यातल्या एका दुपारी भाजीवाला आला म्हणून मी ती काढली. भाजी आत ठेवली, आभाळ भरून आलं म्हणून गच्चीवर कपडे काढायला धावले. खाली आले तर दार उघडं होतं, आणि पिवळं लुगडं नेसलेल्या काकू घरात नव्हत्या.

नदीला पूर होता. पायऱ्यांवर एक चप्पल सापडली. तीन दिवस डोंगे फिरले, काही मिळालं नाही. रेखाताई बुटीबोरीला कारखान्याच्या ऑफिसात आहेत, त्या रडत रडत आल्या आणि पहिलं तेच विचारलं, "कडी कोनं काढली?" मी चुलीजवळ उभी होते. काका म्हणाले, "ह्या घरात हे पुन्हा कोनी इचाराचं नाही." त्यानंतर खरंच कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवाळी झाली. नदी उतरली, पलीकडची रेती उघडी पडली. एक दिवस काका म्हणाले, "चल वं, नागपूरच्या सदरले जाऊ. कॅमेरा घ्याचा हाय." मला कशाला, मी म्हटलं. ते म्हणाले, "माह्या डोयाचा भरोसा नाही. दोन डोये तुहे असू दे."

सदरच्या दुकानातला माणूस बोलका होता. त्याने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक लहान, त्याचं भिंग काढून दुसरं लावता येणारं. त्याला तो मिररलेस म्हणत होता. दुसरा जाडजूड, भिंग अंगालाच चिकटलेलं, आणि बटण दाबलं की ते भिंग बाहेर येत जाई, येतच जाई.

"काकाजी, काढाचं काय हाय? नातू? लग्न? पक्षी?"

"दूरचं," काका म्हणाले.

"मंग हा घ्या जाडा. चंद्रावरचे खड्डे दिसतात यातून. पण एक सांगतो, पहिलेच सांगतो, मंग शिव्या देऊ नका. दिवस बुडाला की हा आंधळा. आतली पट्टी नखाएवढी असते, तिच्यावर उजेड पडन किती? हा मिररलेस अंधारातही साफ काढते. फक्त दूरसाठी याले वेगळं भिंग लागन, अन् ते पाट्या-वरवंट्याएवढं जड असते."

मग त्याने मिररलेस माझ्याकडे वळवला. तोवर माझा फोटो कधी कोणी काढला नव्हता. मी पदर ओढला. मागच्या पडद्यावर एक हिरवा चौकोन उमटला आणि माझ्या डोळ्यावर येऊन बसला. मी मान फिरवली तर तोही फिरला. "पाहा, डोया सोडत नाही हा," दुकानदार कौतुकाने म्हणाला. काका त्या पडद्याकडे पाहत राहिले. माझ्या डोळ्याच्या कडेची शीरसुद्धा दिसत होती. यांना आता सगळं दिसेल, असं वाटून मी मागे सरले.

दुकानदाराने मागच्या खोलीत जाऊन दिवा मालवला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच खुर्चीचा फोटो काढून आणला. मिररलेसमध्ये खुर्चीची वीण मोजता येत होती. जाड्या कॅमेऱ्यात रवा सांडल्यासारखे दाणेच दाणे. त्या दाण्यांत खुर्ची होती, आणि खुर्चीवर कोणी बसलं आहे म्हटलं असतं तर तेही पटलं असतं.

काकांनी दाण्यांवरून अंगठा फिरवला. "हा द्या."

"काकाजी, लोक साफ पाह्यजे म्हनून येतात!"

"एवढं साफ नको मले."

तेव्हापासून रोज संध्याकाळी गच्ची. भिंग पूर्ण बाहेर काढून ते पलीकडच्या काठाचे फोटो घेत. पहिल्या आठवड्यातच एकदा धावत खाली आले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. "पाह्य वं, पाह्य. हे कोन हाय?"

राखाडी दाणे होते. मध्ये एक पिवळा डाग, उभा. मला दुसरं काही दिसलं नाही. पण काकांचा चेहरा पाहिला. आणि मनात आलं, काकू पलीकडे कुठे जिवंत असतील तर मी काही केलेलं नाही.

"हो काका," मी म्हटलं. "काकूच."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

मग रोज विचारत आणि रोज मी हो म्हणत गेले. आज उभ्या आहेत. आज बसल्या आहेत. आज चालून राहिल्या. काका ते वहीत लिहायचे, केंद्रातल्यासारखं, वेळ घालून. मला रात्री झोपताना डोळे मिटले की दाणे दिसायचे.

रेखाताई दर रविवारी यायच्या. त्यांनी फोटो पाहिले. "बाबा, पलीकडं डांगरवाड्या लागल्या. टरबुजाच्या रेतीत बाया काम करतात. त्यातली कोनी असन."

"वच्छलानं पाह्यलं तिले. इचार."

रेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला लागले.

उन्हाळ्याच्या शेवटी एका सोमवारी मी कामाला आले तर काका ओल्या धोतरात दारापुढच्या ओट्यावर बसलेले आणि नदीत मासे धरणारे दोन ढिवर त्यांच्याजवळ उभे. आदल्या संध्याकाळी फोटोत काकूंनी हात केल्यासारखा वाटला, म्हणून ते सकाळी उजाडताच नदीत उतरले होते. पाणी उथळ, पण रेती उपसून पडलेले खड्डे आतून खोल. छातीपर्यंत गेले होते. ढिवरांनी ओढून काढलं.

रेखाताई दुपारी आल्या. माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं. ओरडल्या नाहीत, तेच मला जड गेलं. "ताई, वर्ष व्हायला आलं. माह्या मायच्या नावानं कोनी पानी नाही सोडलं. भटजी म्हनतात, अंग नाही मिळालं तं पुतळा करून अग्नी देता येते. बाबा नाही म्हनतात, कारन तुम्ही हो म्हनता. तुम्ही काहून हो म्हनता?"

मी संध्याकाळी गच्चीवर गेले. त्या दुपारी कपडे काढायला गेले होते, त्यानंतर तिथे पाऊल ठेवलं नव्हतं.

"काका, मले काकू कधीच नाही दिसल्या."

त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"एकदाही नाही. मी खोटं बोलली. अन् कडी मीच काढली होती. भाजीवाला आला होता."

"कडीचं मले त्याच दिवशी समजलं," काका म्हणाले. "ओट्यावर भाजी होती, ओली. मी आतल्या खोलीत झोपून होतो. तू तं कामात होती. मी झोपून होतो." मग म्हणाले, "बस इथं."

त्यांनी कॅमेऱ्यातला सगळ्यात जुना फोटो पडद्यावर आणला. पडदा माझ्यापुढे धरला. "इथं?"

"नाही."

त्यांनी कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबलं. फोटो गेला. "इथं?"

"नाही."

असे किती झाले कोण जाणे. पिवळा डाग कधी मोठा, कधी लहान. काकांचा अंगठा सारखा चालत होता, आणि माझ्या तोंडातून नाही, नाही येत होतं. मी ठरवूनच बसले होते.

मग एक फोटो आला. तिथे दाणे होतेच. पण पिवळं लुगडं होतं आणि त्याला काठ होता. आणि ती बाई वळून पाहत होती. ओळख विसरलेलं माणूस पाहतं तसं नाही. आपल्या माणसाला ओळखून पाहतं तसं. काकांचा अंगठा त्या फोटोवर इतर फोटोंपेक्षा जास्त वेळ थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"इथं?"

मी 'हो' म्हणणारच होते. मी रेखाताईंचं तोंड आठवलं. काकांचं ओलं धोतर आठवलं.

"नाही, काका."

"हं," ते म्हणाले. आणि बटण दाबलं.

पुढच्या रविवारी नदीकाठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. काकांनी अग्नी दिला. धूर पाण्यावरून पलीकडे जात होता, ते तिकडे पाठ करून बसले. नंतर ते गच्चीवर गेले नाहीत. कुकरच्या शिट्ट्याही मोजत नव्हते. थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी जेवून आतल्या खोलीत आडवे झाले ते उठले नाहीत. चेहरा शांत होता असं सगळे म्हणाले. मला तो कान देऊन काही ऐकणारा वाटला.

घर रिकामं करताना रेखाताईंना कॅमेरा सापडला. त्यांनी तो उघडून पाहिला. "ताई, एकही फोटो नाही ठेवला बाबानं. तुम्ही तं सारे पाह्यले. काय होतं वं त्यात?"

"रेती, बाई," मी म्हटलं. "नुसती रेती."