कंजूस किमयागार

माझ्या वयाच्या बायका दुपारी गुडघ्यांना तेल चोळून पडतात. मी रविवारी दुपारी राक्षसांच्या गुहेत उतरते. उतरते म्हणजे जेवणाच्या टेबलापाशी बसते, पाठीला उशी लावून, कारण गुहेतल्या खुर्च्या फार कडक आहेत.

हे खूळ माझ्या नातीचं. चौघांनी टेबलाभोवती बसायचं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करतो ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणारा तिचा मित्र, दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि रविवारी स्वतःचं बंद करत नाही. दुसरी मैत्रीण शहरात बस चालवते. गोष्टीत ती चोर आहे, कुलपं उघडते. माझी नात कुऱ्हाड चालवणारी लढवय्यी. चौथा नोकरीसाठी लांब गेला आणि त्याची किमयागाराची जागा रिकामी पडली.

"आजी, तू बस ना," नात म्हणाली. "किमयागारानं फक्त औषधं बनवायची. लढायला आम्ही आहोत."

औषधं म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. आमचे हे कंपाउंडर होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझा संसार झाला. त्यांनी खलात गोळ्या कुटायच्या, मी कागदाच्या पुड्या बांधायच्या. त्यांनी मिक्श्चर ओतायचं, मी बाटलीला डोसाची पट्टी चिकटवायची. शाळा चौथीत सुटली, पण बाटलीवरचं नाव मला अजून लांबून वाचता येतं. तेव्हा किमयागार म्हणजे आपल्याच घरचं काम, असं मी धरून चालले. एवढा मोठा गैरसमज माझा लग्न ठरल्यानंतर पहिल्यांदाच झाला.

त्या खोलीनं मला पुडी बांधायला शिकवलं आणि एक खोडही लावली. चांगली वस्तू वापरायला माझा हात होत नाही. साबणाची चिपटी मी नव्या वडीला चिकटवते. भारी शाल कपाटात आहे, कुठे जायचं झालं तर म्हणून. आणि कुठे जायचं झालं की ती मळेल म्हणून जुनीच नेते. सून म्हणते, "आई, तुमचं कपाट उघडलं की दुकानात आल्यासारखं वाटतं. फक्त विकत काही मिळत नाही."

तर ही खोड घेऊनच मी गुहेत गेले.

पहिल्या दिवशी डॉक्टरनं मला सगळे नियम सांगितले. मी प्रत्येक नियमाला मान हलवली, जशी खऱ्या डॉक्टरपुढे हलवते. म्हणजे घरी येईपर्यंत एकही लक्षात राहत नाही तशी. गोष्टीत सकाळ झाली की तो विचारायचा, "आजी, आज काय बनवताय?" मी ऐटीत सांगायचे, जखम भरून काढणारं औषध, विष उतरवणारं औषध, फेकल्यावर पेट घेणारी बाटली. आणि सगळं पिशवीत टाकायचे.

बाहेर मात्र काही काढत नव्हते.

"आजी, मला साप चावलाय!" बसवाली ओरडायची. "औषध काढा!"

"कुठे चावला?"

"पायाला."

"पायालाच ना? फडकं बांध घट्ट. पुढे याहून मोठा साप निघाला तर?"

लांडग्यांची टोळी आली तेव्हा नात म्हणाली, "आजी, आगीची बाटली फेक!" मी म्हटलं, "एवढ्या मरतुकड्या लांडग्यांसाठी? तू कुऱ्हाड आणलीस ती कशाला?" बसवालीनं तेव्हापासून माझं नाव कंजूस किमयागार ठेवलं. मला राग आला नाही. उलट वाटलं, चला, पोरांना माझी शिस्त कळायला लागली.

पिशवी भरली तशी मी नवीन बनवणंही थांबवलं. डॉक्टरनं विचारलं की म्हणायचे, "आज नको. आहे ते संपू दे." कच्चं सामान, म्हणजे मुळ्या, भुकट्या आणि कुठल्याशा जळत्या पक्ष्याचं एक पीस, तेही जपून ठेवलं.

आता नातीच्या त्या लढवय्यीबद्दल सांगायला हवं. नात परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली त्या वर्षी खोलीबाहेर येत नव्हती. ताट दाराशी ठेवावं लागायचं. तेव्हा या मित्रांनी तिला खेळात ओढली आणि तिनं ही कुऱ्हाडवाली बनवली. कुणाला न घाबरणारी, मोठ्यानं हसणारी. त्या कुऱ्हाडवालीचा हात धरून माझी पोर खोलीबाहेर आली, असं मी मानते. आणि खेळाचा नियम असा की माणूस मेला की मेला. नवा करता येतो, तोच परत येत नाही.

त्या रविवारी आम्ही दरीवरच्या पुलावर होतो. समोरून दगडाचा राक्षस आला. त्यानं कुऱ्हाडवालीला असा फटका मारला की डॉक्टरही सांगताना थांबला. "ती पडली," तो म्हणाला. "श्वास मंद होतोय. आजी, तुमची पाळी. आता काही केलं नाही तर ती जाईल."

नात मान खाली घालून टेबलावरचा बिस्किटाचा चुरा बोटानं गोळा करत राहिली. डोळे भरलेले मला दिसले. खोट्या बाईसाठी खरं पाणी होतं ते.

मी घाबरले, पण आतून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. यासाठीच तर सगळं जपलं होतं! मी पदर सावरला. "पिशवीतलं सगळ्यात जालीम औषध काढते आणि तिच्या तोंडात ओतते."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. "कुठलं? आज सकाळी तुम्ही काही बनवलंच नाही."

"आधीची आहेत की ढीगभर."

"आजी, किमयागाराचं औषध दुसऱ्या सकाळपर्यंतच टिकतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सगळीच गेली?"

"सगळी."

कंपाउंडरची बायको मी. जन्मभर नासलेल्या औषधांच्या बाटल्या धुतल्या, आणि गोष्टीत नासक्या औषधांचं गाठोडं पाठीवर घेऊन डोंगर चढत होते. बसवालीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे मला साप चावला तेव्हाही..."

"तेव्हा ताजं होतं," डॉक्टर म्हणाला, आणि ते त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

मग त्यानं घसा खाकरला. "एक करता येईल. कच्चं सामान घेऊन इथेच, घाईत काहीतरी मिसळायचं. जितकं जास्त ओताल तितकं जमणं सोपं. किती घालताय?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "एक चिमूट."

नातीनं मान वर केली. "आजी, मी मेल्यावर कुणाला पाजणार आहेस गं ते?"

तिनं चिडून विचारलं असतं तर मी उलट उत्तर दिलं असतं. तिनं खरंच विचारलं होतं.

"सगळं," मी म्हटलं. "मुळ्या, भुकट्या, सगळं."

"पीस?" डॉक्टरनं विचारलं.

ते पीस मला फार आवडायचं. कधी पाहिलं नव्हतं, तरी आवडायचं. "पीससुद्धा. पिशवी उलटी करून झटकते. हवं तर पिशवीही घाल."

"मग पाच किंवा त्याच्या वर पडायला हवं."

मी फासा टाकला. तो बशीला आपटला, गरगरला आणि सहावर थांबला. चिमटीनं भागवलं असतं तर सोळा लागले असते, असं डॉक्टरनं नंतर सांगितलं. या मुलाला काय सांगू नये हे कळत नाही.

कुऱ्हाडवाली खोकली आणि उठून बसली. नात खुर्ची पाडून उभी राहिली, माझ्या गळ्यात पडली आणि माझा चष्मा वाकवला. मग लगेच राक्षसाकडे वळली, कारण तो अजून पुलावर होता आणि माझ्याकडे त्याला मारायला एक भुकटीही उरली नव्हती. मी कठड्याआड लपून बसले, म्हणजे उशीला टेकले, आणि दोघींना ओरडून ओरडून सूचना दिल्या. त्या त्यांनी ऐकल्या नाहीत, म्हणून आम्ही जिंकलो.

हल्ली गोष्टीत उजाडलं की मी आधी मुळ्या गोळा करते आणि मग सगळ्यांना रांगेत बसवून औषध पाजते.

"आजी, अहो, मला काही लागलेलं नाहीये!" बसवाली म्हणते.

"लागेल," मी म्हणते. "आ कर."