पंच्याहत्तरचं पाऊल

मोठ्या रस्त्याला लागून, निळ्या पत्र्यांच्या आड, बॅटरीच्या गाड्या चार्ज करायचं नवं स्टेशन बांधतायत ना, तिथं आमचे भाऊजी महिनाभर रोज जात होते. काय काम करता असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "उभा राहतो." आता याला काय म्हणावं! अहो, वीस मिनिटांत गाडी भरणाऱ्या त्या चार्जरच्या कपाटांना वीज काय थोडीथोडकी लागते? त्यासाठी नवी जाडजूड केबल टाकायची होती, आणि त्याच जमिनीत जुनी चालू केबल पडलेली. ती नेमकी कुठं, हे सांगायला वीज कंपनीकडं नकाशा नाही. कागद भिजून एकमेकांना चिकटले म्हणे. मग काय, लावला निवृत्त माणसाला फोन.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. एकतीस वर्षं कंपनीत केबलचे जोड मारले, खड्ड्यात उकिडवं बसून बसून गुडघ्यांची वाट लावून घेतली. कुठल्या गल्लीत कुठली केबल, किती खोल, वर विटा आहेत की फरशी, सगळं डोक्यात. मोजमाप मात्र पावलांत. सुरुवातीला टेप कुणी द्यायचंच नाही, आणि दिला तर चिखलात हरवायचा. म्हणून भाऊजींनी स्वतःचं पाऊलच पक्कं केलं होतं. पंच्याहत्तर सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. खांबापासून इतकी पावलं टाकायची आणि लाल रंगाचा फराटा मारायचा. फराट्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर हातानं, जपून खणायचं. त्यापलीकडं खुशाल मशीन लावायचं.

त्यांचं एकच म्हणणं असायचं, "वहिनी, माझ्या खुणेवर विसंबून खणणारा माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला पाहिजे." एकतीस वर्षांत एकालाही साधा चटका बसला नाही. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की मी वैतागून म्हणायचे, "पुरे झालं हो, आता भाजी निवडा."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. चालायला लागले, जिनेही चढायला लागले, डॉक्टर खूश. फक्त आमची गॅलरी, जी ते दारापासून नळापर्यंत सहा पावलांत ओलांडायचे, तिला सात लागायला लागली. मी चेष्टा करायचे, "गॅलरी वाढवून घेतलीत का भाऊजी?" ते हसायचे. मीही हसायचे. मला मेलीला दिसत होतं सगळं, पण डोक्यात काही शिरेल तर शपथ!

त्या मंगळवारी ते डबा विसरले, म्हणून मी द्यायला गेले. वरच्या छपराचा सांगाडा उभा होता, चार्जरची कपाटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओळीनं ठेवली होती. भाऊजी खांबाशी उभे, चौदा पावलांवर त्यांचा लाल फराटा. हातानं खणणारे दोघं फराट्याशी वाकले होते आणि त्यांना काहीच सापडत नव्हतं. "आणखी खाली असेल," भाऊजी म्हणाले. पलीकडं, खुणेच्या अर्ध्या मीटरच्या हद्दीबाहेर, एक माणूस ब्रेकर घेऊन सिमेंट फोडत होता. मला बघून तो ओरडला, "काका, डबा आला, जेवून घ्या!"

तेवढ्यात आवाज झाला. कसला ते सांगता येत नाही मला. पांढरा झगझगीत उजेड पडला, आणि समोरच्या रस्त्यावरचे सिग्नलसुद्धा बंद पडले. तो माणूस मागं फेकला गेला होता. हात, मान, अर्धा चेहरा... नको, नाही सांगत.

वाचला तो. पण डाव्या हाताची बोटं काढावी लागली. त्याची बायको दवाखान्याच्या बाकावर बसली होती, भाऊजी तिच्यासमोर गेले आणि नुसते उभे राहिले. तिला वाटलं, साइटवरचे कुणीतरी मोठे माणूस आहेत. उठून तिनं भाऊजींनाच जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा शिवणाचा टेप मागितला. गॅलरीत चालले, वाकले, मोजलं. पुन्हा चालले. "सहासष्ट," म्हणाले. "वहिनी, एका पावलाला नऊ सेंटिमीटर कमी. चौदा पावलांना सव्वा मीटर." मी म्हटलं, "तुमचा काय दोष त्यात? गुडघा तुम्ही हौसेनं बदललात का?" त्यांनी ऐकलंच नाही. भिंतीला टेकून खाली बसले. "गुडघा झाल्यापासून मी आणखी सात ठिकाणी खुणा करून दिल्यात."

मी त्यांना हात धरून उठवलं.

आम्ही दोघं तडक वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं. "काका, जबाब झालेत, प्रकरण मिटत आलंय. आता सात ठिकाणचं कशाला उकरता? तुम्हाला फोनवर बोलावलं होतं, त्याची नोंद कुठाय?" खरंच नव्हती. आज या साहेबाचा फोन, उद्या त्या साहेबाचा, आणि ते साहेबही बदलून गेलेले. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "माणूस जळाल्यावर नोंद करणार का?" साहेब म्हणाले, "ताई, पाणी घ्या."

मग आम्हीच निघालो. काळ्या रंगाचा डबा, ब्रश, शिवणाचा टेप. दोन दिवस दोघं वणवण फिरलो. पोस्टाजवळची खूण मिटवली, बँकेमागची मिटवली. कारखान्याच्या फाटकाशी चौकीदार अंगावर आला, त्याला मी चार शब्द सुनावले आणि तेवढ्यात भाऊजींनी ब्रश फिरवला. प्रत्येक ठिकाणी टेपनं मोजून खरी जागा लाल केली, आणि तिथल्या माणसाला हात जोडून सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, एकानं वेड्यात काढलं.

सहा झाल्या. सहाव्या खुणेशी ते फुटपाथवर उभे राहिले आणि हलेचनात.

"चला, सातवी कुठं?" मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "भिंत होती," म्हणाले. "पिवळी. नाही... पिवळी पोस्टाची." कपाळावर घाम. "बावीस पावलं टाकली होती मी. बावीस मला पक्कं आठवतंय, वहिनी. बावीस म्हणजे जवळजवळ दोन मीटर."

"कुठं पण?"

"तेच," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मी घरी येऊन तुम्हाला काही बोललो होतो का हो? आठवा ना. काहीतरी बोललोच असेन."

रोज बोलायचे. मीच कधी लक्ष देऊन ऐकलं नाही.