शब्दकोशातला तिसरा शब्द

“मराठी तिचं कच्चंच आहे. पण आपल्या कामाला ते बरं पडलं.”

लाकडी पार्टिशनच्या पलीकडून साहेबांचा आवाज आला आणि शेठजी हसले. मी टाइपरायटरवर कागद चढवत होते. हात तिथेच थांबला. चादरींच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात मुलगी मी एकटीच, त्यामुळे ‘तिचं’ म्हणजे कोणाचं हे शोधावं लागलं नाही. कुठल्या कामाला, ते मात्र कळलं नाही.

साहेब कामगारांचं बघायला पुण्याहून आले होते. त्यांच्या खुर्चीमागे काचेचं कपाट होतं आणि त्यात नुसती इंग्रजी पुस्तकं. माणसांचं नेतृत्व कसं करावं, आपलं नाव कसं जपावं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते कसं ओळखावं, चार माणसं जिथे काम करतात तिथलं वातावरण कशाने बिघडतं, असे सगळे विषय. मी बावीस वर्षांची. शाळा कॉन्व्हेंटची, आणि स्वभावाने मुकी म्हटलं तरी चालेल. पहिले सहा महिने ‘हो सर’ आणि ‘झालं सर’ यापलीकडे मी काही बोलले नसेन. एक दिवस साहेबांनी कपाट उघडलं, एक पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे वाचा. तुम्हाला आवडेल.” मला काय आवडेल याचा विचार तोवर कोणी केला नव्हता. घरीसुद्धा.

पुढे त्यांनी मला वाचायच्या पुस्तकांची यादीच करून दिली. एकेक वाचायचं आणि त्यावर दोन पानांचं टिपण लिहायचं. टिपण मराठीत, कारण ते शेठजी वाचणार आणि शेठजींना इंग्रजी येत नव्हतं.

“पुस्तकातली उदाहरणं नकोत,” साहेब म्हणाले. “ती सगळी परदेशातली. आपल्या कारखान्यातली द्या. तुम्ही बोलत नाही, पण बघता. माझ्या लक्षात आलंय.”

त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले.

दुपारचा डबा मी घडीखात्यात खात असे. ऑफिसात सगळे पुरुष, आणि घडीखात्यात चाळीस बायका. मागावरून उतरलेल्या चादरी तपासायच्या, धागे कापायचे, घड्या घालून गठ्ठे बांधायचे. या सगळ्यांत वडील होत्या त्या अक्का. होटगीहून रोज गाडीने यायच्या. अंगाने थोराड, घरात कानडी, खात्यात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, “मला भूक आली.” अक्कांनी गंभीरपणे विचारलं, “कुटनं आली गं? कुटल्या गाडीनं?” सगळं खातं हसलं. मीही हसले. मग त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विचारायचं, “म्याडम, भूक आली का?”

त्या वर्षी घडीखात्याला बाई सुपरवायझर नेमायची असं शेठजींनी ठरवलं होतं. तोवर कारखान्यात कुठल्याच खात्याला बाई सुपरवायझर नव्हती. अक्कांशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं.

“अक्का खुर्चीत मावंल व्हय?” एकीने विचारलं.

“न्हाई मावली तर बाकडं आनायला सांगीन की,” अक्का म्हणाल्या. “तुला काय, तू गठ्ठा बांद.”

पण सुपरवायझरला रोज रजिस्टरात सही करावी लागते, आणि अक्का अंगठा लावायच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. मग डबा झाला की रोज दहा मिनिटं आम्ही गठ्ठ्यांमागे बसायचो आणि गठ्ठे बांधायच्या खाकी कागदावर त्या आपलं नाव गिरवायच्या. पेन्सिल इतकी दाबायच्या की कागद फाटायचा. महिन्याभरात नाव सरळ यायला लागलं. तो कागद त्या घडी करून पोलक्यात ठेवायच्या.

त्याच सुमारास नेतृत्वावरच्या पुस्तकाचं टिपण मी लिहायला घेतलं. उदाहरण शोधावं लागलंच नाही. काही दिवसांपूर्वी एका गठ्ठ्याला रंगाचा डाग पडला होता आणि खात्याचे मास्तर एका नव्या मुलीला वाटेल ते बोलत होते. बायका कात्र्या खाली ठेवून उठल्या. अक्कांनी नुसता हात वर केला. सगळ्या खाली बसल्या. मग अक्का मास्तरांना म्हणाल्या, “तपासनी माजी हुती. मला बोला.” मास्तर वळून निघून गेले. काम पाच मिनिटांत सुरू झालं.

हे मी सगळं लिहिलं. नंतर त्या पुस्तकातला मुख्य शब्द मराठीत हवा होता, म्हणून शब्दकोश उघडला. त्यात एकापुढे एक तीन शब्द होते: नेता, नायक, पुढारी. नेता म्हटलं की निवडणुकीत रंगवलेल्या भिंती आठवायच्या. नायक सिनेमातला. तिसरा मला स्वच्छ वाटला. पुढे असतो तो पुढारी. मी लिहिलं, ‘या बाईंनी हात वर केला की चाळीस बायका थांबतात. त्या जन्मजात पुढारी आहेत.’ माझं मलाच ते वाक्य इतकं आवडलं की टिपण देण्याआधी दोनदा वाचलं.

पार्टिशनपलीकडचं ते बोलणं मी ऐकलं तो शनिवार होता. तासाभराने फळ्यावर नोटीस लागली. घडीखात्याचे सुपरवायझर म्हणून बाहेरचे एक गृहस्थ येणार होते. अक्कांची बदली सोमवारपासून गोदामात. गोदाम आवाराच्या टोकाला होतं, आणि तिथे गठ्ठे मोजायला एकच माणूस लागत असे.

डबा खायच्या सुट्टीत खात्यात कोणी जेवत नव्हतं. “आपिसातनं कुनीतरी लिवून दिलंय,” एक बाई सांगत होती, “की अक्का पुढारी हाय म्हनून.”

“पण ते तर चांगलं ना?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. “पुढारी म्हंजे संप करनारी, म्याडम. भोंगा वाजला तरी बायकास्नी गेटाभाईर बसवनारी. मागला संप इसरलेत व्हय शेटजी?”

मी डबा न उघडताच परत आले. साहेबांच्या टेबलावर माझं टिपण होतं. दोन पानांत लाल पेन्सिलीची खूण एकाच ठिकाणी, त्या दोन वाक्यांखाली.

“सर, हा शब्द चुकला. मला लीडर म्हणायचं होतं. तुम्हीच दिलेल्या पुस्तकात...”

“ठाऊक आहे मला,” साहेब म्हणाले.

“मग शेठजींना सांगितलं नाहीत?”

“त्यांनी विचारलं नाही.” ते अजिबात रागावले नव्हते. आवाज नेहमीसारखाच, माझी चौकशी करताना असायचा तसा. “हे बघा, एका बाईच्या हाताच्या खुणेवर खातं चालणं मला परवडणार नाही. शेठजींना हे मी चार महिने सांगत होतो, पटत नव्हतं. तुमच्या टिपणाने पटलं. शब्द तुमचा, अक्षर तुमचं. मी नुसतं पुढे पाठवलं.”

मी बघते हे त्यांच्या लक्षात आलं होतं, ते खरंच होतं. ते का लक्षात घेतलं, तेवढं मला बघता आलं नाही.

मग त्यांनी मागे वळून कपाट उघडलं. “यादीतलं पुढचं,” ते म्हणाले. “आपलं नाव कसं जपावं, त्यावरचं. आणि बाहेर काही बोलू नका. लोक मला नाही बोलणार, तुम्हाला बोलतील. तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

सवयीने माझा हात पुढे गेला आणि मी पुस्तक घेतलं. वर ‘थँक यू, सर’ असंही म्हणाले. त्या दिवसातल्या इतर कशाहीपेक्षा मला त्या शब्दांची लाज वाटते.

पुस्तक हातात तसंच घेऊन मी घडीखात्यात गेले. अक्का आपलं सामान आवरत होत्या. पाण्याचा तांब्या, कात्री, डबा. डब्याला झाकण घट्ट बसत नव्हतं म्हणून त्यांनी तो खाकी कागदात गुंडाळला होता. नावाच्या ओळी वरूनच दिसत होत्या.

“ये,” त्या म्हणाल्या. “भूक आली का?”

कोणी हसलं नाही.

“म्याडम, तुमी आपिसात असता,” मघाची बाई म्हणाली. “कुनी लिवलं ते तुमाला म्हाईत असंल की.”

“तिला कशाला गं इचारतीस?” अक्का तिच्यावर खेकसल्या. “ती पोर कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

मला गप्प राहता आलं असतं. गप्प राहण्यात माझा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं, आणि कोणाला संशयही आला नसता. मी पुस्तक जवळच्या गठ्ठ्यावर ठेवलं. चाळीसही बायका माझ्याकडे बघत होत्या.

“अक्का,” मी म्हणाले, “तो शब्द मी लिहिला.”