काचेला पडदा हवा

मैत्रिणींनो, शाळेच्या व्हरांड्यात आपण एकमेकींच्या वेण्या घालायचो, आठवतं?

आज नांदेडला ब्युटी पार्लर शिकवणाऱ्या एका संस्थेनं पालकांना आणि आम्हा गिऱ्हाइकांना मतं विचारायला बोलावलं होतं.

तिथं शिकणाऱ्या शबानाची अम्मी उठली. "मॅडम, रस्त्यावरून काचेतून समदं दिसतंय. पोरगी नकाब काढून कशी शिकंल? उद्यापासून न्हाई पाठवत."

"पण काच झाकली, आतलं काम बाहेरून दिसलं नाही, तर नव्या मुली येतील कशा?" संस्थेच्या मॅडम म्हणाल्या.

मुखेडहून आलेली एक सासू हसली. "आमची सून बी इथं शिकताना काचेकडं पाठ करूनच बसती. पडदा लावा, लई येतील!"

मॅडमनी लगेच मानलं. शबाना शिकत राहणार!

माझ्या दोन जाड साड्या पडद्यासाठी. लता, तुझं शिलाई मशीन शबानाच्या अम्मीला दे, शिवणार त्याच आहेत. मेरी, तुझ्याकडची पडद्याची दांडी मॅडमकडे पोचव.