अण्णांनी मेन पाडला

गळ्याच्या ऑपरेशननंतर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज कायमचा जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून धाकट्या भावानं त्यांना तेर गावच्या घरी बसवून मनसोक्त बोलतं केलं. देवीची आरती, शाळेतल्या खोड्या आणि शेवटी मला मारलेली हाक. सगळं फोनमध्ये घेतलं.

ऑपरेशन होऊन अण्णा पाटी-खडू घेऊन घरी आले, तेव्हा मी सासरहून, भूमहून, माहेरी गेले. भाऊ जुन्या कॉम्प्युटरवर त्या आवाजातली खरखर काढत होता. हार्ड डिस्क रडतखडत चालायची, म्हणून त्यानं रॅमचाच थोडा भाग डिस्कसारखा वापरायला घेतला होता.

"ताई, बघ कसं पळतंय! ब्राउझरचा कचरापण इथंच टाकतो. मशीन बंद केलं की आपोआप साफ."

मला कौतुकच वाटलं. पण फोन भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंगही शहाण्यानं तिथंच हलवलं होतं, हे मला नंतर कळलं.

आम्ही चहाला उठलो आणि ढग गडगडले. एकदा विजेनं टीव्ही जळाला, तेव्हापासून ढग वाजले की घराचा मेन स्विच पाडायचा, हा अण्णांचा कायदा. एरवी ते ओसरीवरून ओरडायचे, "मेन पाडा रे!" आता ओरडता येईना. ते स्वतःच उठले आणि खटका खाली ओढला.

भाऊ कप टाकून धावला. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. ढग सरल्यावर मशीन सुरू केलं, तर ती डिस्क पार कोरी.

"रॅममधलं लाइट गेली की जातं ताई. परत न्हाय मिळत."

मला संताप आला. "बापाचा आवाज ठेवायची जागा हाय का ती?" मी दबक्या आवाजात म्हणाले. "कचरा टाकतोस तिथं?"

तेवढ्यात अण्णा आत आले. कॉम्प्युटरवर हात ठेवून त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बरं झालं मेन पाडला. वाचलं ना सगळं?'

भावानं मान खाली घातली. मी म्हणाले, "व्हय अण्णा, तुमच्यामुळं वाचलं."

त्यांचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून ते बसले आणि कानाकडं बोट केलं. मग पाटीवर लिहिलं, 'लावा.'