नीलिमाताईंचा स्टे

गोडदेवच्या त्या इमारतीत 'स्टे' हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इमारत पाडून नवी बांधायच्या भानगडीत सोसायटीचं बिल्डरशी कोर्टात जुंपलं आणि कोर्टानं कामाला स्थगिती दिली, तेव्हापासून जिन्यात भेटेल तो दुसऱ्याला विचारतो, "स्टे उठला का?" सेक्रेटरी पंढरीनाथ तर झोपेतही तेच बडबडतात, असं त्यांच्या बायकोचं, नीलिमाताईंचं म्हणणं.

म्हणूनच नेदरलँड्सहून लेकीचा मेसेज आला, 'आई, तुझा स्टे झाला', तेव्हा नीलिमाताई मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, माझ्या जाण्यावर स्टे आलाय."

"कुणी आणला?" पंढरीनाथांनी सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं.

खरं सांगायचं तर ताईंना क्षणभर हायसं वाटलं, इतकं त्या प्रवासानं जायच्या आधीच त्यांना दमवलं होतं. लेकीचं, इशिताचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं. पण तिला येता येईना, तेव्हा माहेरानंच उठून तिकडे जायचं ठरलं. मग पासपोर्ट, मग व्हिसा, मग मीरा रोडच्या दिपेश एजंटकडे खेटे. सोयीचं थेट विमान मिळेना. मिळालं त्यात मधल्या कुठल्याशा विमानतळावर अर्धा दिवस बसून काढायचा, आणि ताईंचे गुडघे हे असे. त्यात जावईबापूंची, कौस्तुभची सुट्टी पुढेमागे झाली की तारीख बदला, पुन्हा दिपेशकडे जा. रिक्षातून येता-जाता बाईचा पार जीव मेटाकुटीला आला होता.

एकदाच काय त्या कडाडल्या. दिपेशनं सहज विचारलं होतं, "आंटी, हॉटल भी बुक कर दूँ?"

"बेटी के बाळंतपण में माँ हॉटल में रहेगी क्या?" त्या म्हणाल्या.

आता त्यांनी इशिताला फोन लावला. स्टे कुणी आणला, असं त्यांनी विचारताच ती हसत सुटली. "अगं आई, स्टे म्हणजे राहायची सोय. आमच्या घरापासून जवळच एक छान खोली मिळालीय तुला."

"खोली कशाला? तुमच्याकडे दोन आहेत ना?"

हसू थांबलं. "एकीत कौस्तुभचे आईबाबा आहेत, आई. त्यांचा व्हिसा आधी झाला, ते आलेसुद्धा. तुला तिकडे आराम मिळेल. सकाळी नाश्ता करून यायचं, संध्याकाळी जेवून जायचं."

ताईंच्या डोळ्यांपुढे त्यांची कामवाली मंदा आली. तीही अशीच सकाळी येते, सगळं आवरते आणि संध्याकाळी चप्पल घालून जाते.

"मी तुझ्या खोलीत खाली झोपेन," त्या म्हणाल्या. "गादीही नको. एक सतरंजी दे."

"आई, बरं नाही दिसत गं ते. त्यांना काय वाटेल?"

"आणि रात्री बाळ रडलं तर?"

"सासूबाई आहेत ना."

ताईंना फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पण लेकीचे दिवस भरत आलेले, आवाजही थकलेला. तिच्याशी काय भांडायचं? "पाय वर घेऊन पड जरा," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टेबलावर अळीव, डिंक, खारीक निवडून ठेवली होती. रात्री अपरात्री बाळंतिणीला भूक लागते म्हणून लाडू जरा जास्तच करायचे होते. ताईंनी त्यातला निम्मा डिंक परत डब्यात ओतला.

पंढरीनाथ दारात येऊन उभे राहिले. "काय गं, उठला का स्टे?"

"नाही," ताई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "कायम झाला."